जॅक विल्शरचा घोटा

फुटबॉलवर लिहिलं की आमच्या ग्रुपातले निम्मे लोक वाचायचं सोडून देतात. आज थोडं थांबा, फिरून फिरून आपल्याच हापिसात येणार आहे मी.

१६ फेब्रुवारी २०११. म्हणजे तिकडची तारीख, आपल्याकडे रात्रीचा सव्वा वाजलेला. सकाळी स्टेटस कॉल. तरी टीव्ही लावला, कारण आर्सेनल विरुद्ध बार्सिलोना. समोर झावी, इनिएस्ता, बुस्केट्स. या तिघांच्या पायातून बॉल काढताना भल्याभल्यांची फे फे उडायची. आणि आमच्या मिडफिल्डमधे १९ वर्षांचा बुटका पोरगा, जॅक विल्शर. अंगावर माणूस येतोय हे दिसत असताना बॉल मागून घ्यायचा, खांदा एकीकडे झुकवायचा आणि दुसरीकडून सटकायचा. बास, एवढंच. पण बार्सिलोनासमोर! मॅच २-१ अशी आपण जिंकली, गोल व्हॅन पर्सी आणि अर्शाविनचे, पण चर्चा सगळी या पोराची. ('आपण' म्हणजे आर्सेनल. सवय आहे, जात नाही.)

तसा तो अचानक उगवला नव्हता. नवव्या वर्षी आर्सेनलच्या अकादमीत आला. सप्टेंबर २००८ मधे ब्लॅकबर्नविरुद्ध लीगमधे उतरला तेव्हा वय १६ वर्षं २५६ दिवस. आपण त्या वयात अकरावीचे क्लास बुडवत होतो. जानेवारी २०१० मधे बोल्टनला लोनवर गेला, दणकट लोकांच्या लाथा खाल्ल्या, आणि परतला तो थेट पहिल्या संघात.

मग आला २०१०-११ चा सीझन. आर्सेनलसाठी ४९ सामने. इंग्लंडचे वेगळे. मे महिन्यात, दमलाय म्हणून, त्याला २१ वर्षांखालच्या युरो स्पर्धेतून वगळलं. वा, शहाणपणा! आणि ४ जूनला वेम्बलीवर स्वित्झर्लंडविरुद्ध मोठ्यांच्या संघातून खेळवलं. तिथे घोटा दुखावला. जुलैअखेरीस एका सराव सामन्यात काही मिनिटांतच लंगडत बाहेर. स्ट्रेस फ्रॅक्चर. पुढचा अख्खा सीझन गेला, परतला तो ऑक्टोबर २०१२ मधे. नंतरही चमकला, नॉर्विचविरुद्धचा २०१३ चा तो गोल अजून मी अधूनमधून बघतो. पण घोटा काही पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. जुलै २०२२ मधे तिसाव्या वर्षी निवृत्त.

लोक म्हणतात, बिचारा, नशीब फुटकं. काही म्हणतात, काचेचा होता. मला दोन्ही पटत नाही. स्ट्रेस फ्रॅक्चर एका लाथेने होत नाही. धावताना हाडाला बारीक बारीक इजा होतच असते, आणि विश्रांती मिळाली की हाड ती भरून काढतं. भरून काढण्याआधी पुढची इजा आली, त्याच्याही आधी पुढची, की एक दिवस तडा जातो. तोवर बाहेरून सगळं झकास!

आता तुम्ही म्हणाल, फाब्रेगास नाही का त्याच क्लबात, त्याच वयात खेळला? खेळला. आणि त्याला जमलं म्हणूनच पुढच्यालाही जमेल असं सगळ्यांनी धरलं असणार. एका पोराच्या हाडावरून दुसऱ्याच्या हाडाचं एस्टिमेट काढायचं, ही सवय ओळखीची वाटते का?

जॅकला विचारलं असतं तर तो 'खेळतो' म्हणालाच असता. १९ वर्षांचं पोरगं दुसरं काय म्हणणार? म्हणून त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. 'नाही' म्हणायचं काम मोठ्यांचं होतं, आणि मोठ्यांना पुढची मॅच जिंकायची होती. मलाही. रात्री सव्वा वाजता मीच ओरडत होतो की याला बाहेर काढू नका म्हणून.

आमच्या टीममधे एक फ्रेशर आहे. हुशार, चटपटीत. प्रत्येक रिलीजला "चालेल, मी थांबतो" हे त्याचं ठरलेलं वाक्य. गेले तीन शनिवार तोच थांबला आणि नाव मीच टाकलं होतं, कारण तो असला की मला झोप लागते. या शनिवारी नाव काढलं. शुक्रवारी संध्याकाळपासून फुरंगटून बसलाय, माझ्याशी बोलत नाही. रिलीज आज रात्री दहाला आहे, त्याच्या जागी मी बसतोय, आणि स्क्रिप्ट त्याने लिहिल्यात, मला धड कळत नाहीयेत.