परदेशी ओंडका मोकळा, बांधावरचा साग बंदिस्त

पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात ब्रह्मदेशी सागाचा दबदबा पिढ्यान्‌पिढ्या राहिला. ब्रह्मदेशाने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. तरी देशात सागाची आयात थांबली नाही. इक्वेडोर, पनामा, घाना अशा देशांतला लागवडीचा साग येऊ लागला. तिथे साग परका. आपल्याकडे तो मूळचा. मग आपल्या बांधावरचा साग बाजारात मागे का?

याचे उत्तर भारत आणि चीन शेजारी ठेवले की सापडते. उष्ण प्रदेशातल्या कठीण लाकडाचे ओंडके विकत घेणारी ही जगातली दोन बडी गिऱ्हाइके. दोघांनीही दहा वर्षांच्या अंतरात जंगलावरची कुऱ्हाड आवरली. आपल्याकडे १९८८ चे वनधोरण आणि १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. चीनमध्ये १९९८ च्या यांगत्से महापुरानंतरची तोडबंदी. जंगल वाचवण्याला आमचा विरोध नाही. प्रश्न पुढचा आहे.

चीनने ओंडक्यांवरचा आयातकर शून्य केला. मऊ-कठीण मिळून १९९८ साली सुमारे ५० लाख घनमीटर असलेली ओंडक्यांची आयात २००७ पर्यंत साडेतीन कोटींच्या वर गेली. त्या लाकडाचे फर्निचर आणि प्लायवूड करून चीनने जगाला विकले. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. निलगिरी, पॉप्लरची लागवड वाढवली आणि २००८ पासून गावकीच्या वनजमिनीचे वापरहक्क कुटुंबांच्या नावे केले. तिथेही तोडीला परवाना लागतो, कोटा असतो. तरी घराभोवतीची सुटी झाडे त्यातून मोकळी आहेत.

आपणही आयात खुली केली. ओंडक्यावर ५ टक्के मूळ आयातकर. माल कांडला बंदरात उतरतो, गांधीधामच्या आरागिरण्यांत चिरला जातो. कारखान्यांनी लाकूड शेतकऱ्याकडून घ्यावे, असे १९८८ चे धोरणच सांगत होते. पण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला स्वतःचा साग तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी, आणि तो गावाबाहेर न्यायला वाहतूक पास. मोजणी, सातबारा, हेलपाटे हे सारे व्यापारी अंगावर घेतो आणि त्याची किंमत भावातून कापतो. उभे झाड उक्ते जाते. लूट होते ती इथे.

कपाशी मोडून साग लावा, असे आम्ही मुळीच सांगत नाही. हलक्या मुरमाड रानात तो खुरटतो, पाणी साचणाऱ्या भारी काळीत गुदमरतो, आणि सावलीतली ज्वारी दाणा भरत नाही. नव्वदच्या दशकात सागलागवडीच्या योजनांत अनेकांचे पैसे बुडाले, तेही विसरू नका. पण बांधावरचा साग, बाभूळ, कडुनिंब ही कोरडवाहू माणसाची दुष्काळातली ठेव आहे. हवी तेव्हा मोडता येत नसेल, तर ती ठेव कसली?

२०१७ साली शेतातल्या बांबूला वनकायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येतून सोडवले. जून २०२५ मध्ये केंद्राने शेतजमिनीवरच्या वृक्षतोडीचे नमुना नियम राज्यांकडे पाठवले. त्यांतही नोंदणी आहे, फोटो आहेत, तपासणी आहे. म्हणजे जुना दाखला गेला आणि नवा आला, असे होऊ देता कामा नये.

आयात बंद करा, ही आमची मागणी नाही. मागणी एकच: सातबारा ज्याचा, झाड त्याचे. लावले हे कळवणे पुरे, तोडायला परवानगी नको. जिल्हा बैठकीत ठराव मांडताना आपल्या गावातली बांधावरची झाडे मोजून या.