बंब येईपर्यंत गावाने काय करायचे?

उन्हाळा लागला की बातम्या ठरलेल्या. शॉर्टसर्किटने घर पेटले, गंजी जळाली, संसार उघड्यावर आला. पाठोपाठ तक्रारही ठरलेली, बंब वेळेवर आला नाही. तक्रार खोटी नाही. पण बंब येणार कुठून? गगनबावडा कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटर. रस्ता मोकळा असला तरी तासभर मोडतो. तोवर कौलारू घराचे वासे खाली आलेले असतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

घटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा शहरांच्या कामांत आहे. खेड्यांसाठीच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत ती नाही. मात्र १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने आग विझवण्यास मदत करणे, जीवित आणि मालमत्ता वाचवणे हे पंचायतीच्या कामांत धरले आहे. तेव्हा सरपंच, ग्रामसेवकांनी हात झटकून चालायचे नाही.

कुणी म्हणेल, गावोगाव बंबच द्या की! बंब आला तरी चालक, डिझेल, देखभाल कोण करणार? आणि बंबाने सगळे भागत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. महापालिकेचे अग्निशामक दल शहरातच होते, तरी शाहू महाराजांच्या काळातली ती वास्तू आगीने गिळली. सुरुवातीची पाच मिनिटे हातची गेली, की पुढे सगळेच अवघड.

ती पाच मिनिटे घरच्यांची असतात. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका, भडका उडतो. शेगडी बंद करा, वर झाकण ठेवा आणि कढई हलवू नका. विजेची आग असेल तर आधी मेन स्विच पाडा. तो पडल्याशिवाय पाण्याला हात नको. गॅसचा वास आला तर दिवा लावूही नका, घालवूही नका. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडा आणि १९०६ ला फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. अंगावरच्या कपड्याने पेट घेतला तर पळू नका. जमिनीवर लोळा, वर घोंगडे टाका. भाजल्यावर वीस मिनिटे साधे गार पाणी. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. आग आवाक्यात नसेल तर माणसे आणि जनावरे बाहेर काढा, भांडीकुंडी राहू देत.

आता पंचायतीने करायचे ते. गावात ट्रॅक्टरवरच्या पाण्याच्या टाक्या आहेत, फवारणीचे एचटीपी पंप आहेत. ते कुणाकडे आहेत, त्यांचे फोन नंबर चावडीवर रंगवा. शेजारीच १०१, ११२, महावितरणचा १९१२ आणि जवळच्या साखर कारखान्याकडे बंब असल्यास त्याचाही नंबर लिहा. गंजी आणि शेणींचा हुडवा घराला लागून नको, चुलीची राख गार झाल्याशिवाय उकिरड्यावर नको. वारे सुटल्यावर पाचट पेटवणाऱ्याला ग्रामसभेत जाब विचारा. खरे तर पाचट रानातच कुजवलेले बरे. गॅसच्या नळीवर मुदत छापलेली असते, तीही एकदा बघा.

एवढे करूनही घर जळालेच, तर राख उपसण्याआधी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. त्यावाचून सरकारी मदतीचा कागद हलत नाही. गॅसमुळे अपघात झाला असेल तर एजन्सीला लगेच लेखी कळवा. नोंदणीकृत ग्राहकांसाठी तेल कंपन्यांनी विमा उतरवलेला असतो, त्याचा वेगळा हप्ता नाही. हे ठाऊक नसल्याने गरिबाचा हक्क बुडतो.

येत्या ग्रामसभेत हा एक विषय घ्या. चावडीवर नंबर रंगवायला निधीची वाट बघावी लागत नाही.