कॅल्शियमच्या बाटलीतल्या गोळ्या

मागच्या आठवड्यात मुलुंड पूर्वेच्या आमच्या औषधाच्या दुकानात एक आई आल्या. कॅल्शियमची बाटली त्यांनी काउंटरवर उपडी केली. "ताई, या अशा चिकट का झाल्यात हो?" बघते तर सोडियम व्हॅल्प्रोएट, फिटच्या गोळ्या. एकमेकींना चिकटलेल्या, दोन तर पार लगदा झालेल्या. हे औषध हवेतला ओलावा भराभर ओढून घेतं, म्हणून घेतेवेळीच फॉइल फोडायची असते. त्यात आपल्याकडचा पावसाळा.

बाटलीत का भरल्या? मुलीचं लग्न ठरलंय, सासरी स्ट्रिपवरचं नाव कुणी वाचायला नको. "दोन वर्षांत एकही फिट नाही. लग्नाआधी बंदच करून टाकू का?"

अजिबात नको. फिट येत नाही ती गोळी चालू आहे म्हणून. एकदम सोडली तर फिट उलटते, कधी एकामागून एक येत राहते आणि जिवावर बेतते. बंद करायची की नाही हे न्यूरोलॉजिस्ट ठरवतील, आणि करायची तर महिनोन् महिने थोडी थोडी उतरवतील.

पण माझ्या पोटात गोळा आला तो दुसऱ्याच कारणाने. गरोदरपणी हे औषध चालू असेल तर साधारण १० पैकी एका बाळाला जन्मजात व्यंग असतं, आणि ३ ते ४ मुलांना पुढे बोलायला, शिकायला अडचण येते. ब्रिटनमध्ये तर जानेवारी २०२४ पासून ५५ वर्षांखालच्या कुणालाही ते नव्याने सुरू करायला दोन तज्ज्ञांचं एकमत लागतं. काहींची फिट फक्त याच गोळीने थांबते, हेही खरं. पण पुष्कळ मुलींना लेव्हेटिरासेटाम किंवा लॅमोट्रिजिनवर आणता येतं. त्याला वेळ लागतो. लॅमोट्रिजिन घाईने वाढवलं तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. दिवस राहिल्यावर ही धावपळ करायची, तीही सासरच्यांपासून लपवून? घाबरून मुलगी स्वतःच गोळी सोडते, आणि ते सगळ्यात वाईट.

आईंची भीती मला कळते. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यातच वारंवार फिट येणं हा लग्नाला अडसर होता. त्या वर्षी ते शब्द काढले. घराघरांतून ते अजून निघालेले नाहीत.

मी बिलाच्या मागे डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून दिले: गोळी बदलता येईल का, किती महिने लागतील, फॉलिक ॲसिड कधीपासून घ्यायचं. आईंनी कागद दोनदा वाचला.

"जावयांना सोबत नेलं तर चालेल?"

"न्याच," मी म्हटलं.