हिवाळा, कालवा आणि नौकेवरचा कुत्रा

इंग्लंडमधील कालव्यावर हिवाळ्याचा एखादा आठवडा नौकेतच राहून काढणाऱ्यांना जी विश्रांती लाभते, ती काम नसल्यामुळे लाभत नाही. घरगुती कामे मोजकी, डोळ्यांना दिसणारी आणि हाताने पुरी होणारी उरतात, म्हणून ती लाभते. या कामांच्या मधल्या वेळाला शिस्त लावतो तो बरोबर असलेला कुत्रा. ही विश्रांती कशी घडते हे समजण्यासाठी आधी त्या कालव्यांचे आणि त्यांवरील नौकांचे स्वरूप पाहावे लागते.

महाराष्ट्रात कालवा धरणाचे पाणी शेतापर्यंत नेतो. इंग्लंडमधले कालवे मात्र मुख्यतः मालवाहतुकीसाठी खोदले गेले. वर्स्लीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरकडे नेणारा ब्रिजवॉटर कालवा 1761 मध्ये खुला झाला आणि त्याच्या कामामुळे नावारूपाला आलेल्या जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने पुढे अनेक कालव्यांची आखणी केली. त्यांपैकी ऑक्सफर्ड कालव्याचे काम 1769 मध्ये सुरू झाले आणि 1790 मध्ये तो ऑक्सफर्डला पोहोचला. टेकड्या फोडण्याऐवजी समान उंचीच्या रेषेला धरून जाण्याची ब्रिंडलीची पद्धत असल्यामुळे हा कालवा शेतांमधून मोठी वळणे घेत जातो. जिथे उंची बदलावीच लागते तिथे लॉक असते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला दगडी किंवा विटांचा हौद, ज्यात पाणी सोडून नौका वर चढवतात किंवा पाणी काढून खाली उतरवतात. मध्य इंग्लंडमधील बहुतेक लॉक जेमतेम सात फूट रुंद असल्यामुळे तिथल्या नौकाही सात फुटांच्या आतच राहिल्या, मात्र लांबीला त्या सत्तर फुटांपर्यंत वाढल्या. याच त्या ‘नॅरोबोट’.

अशा नौकेत राहणे मुळात हौसेचे नव्हते. रेल्वेच्या स्पर्धेमुळे वाहतुकीचे दर घसरले, तेव्हा अनेक नावाड्यांनी काठावरचे घर सोडून बायकामुले नौकेवर आणली आणि मालाच्या जागेला धक्का न लावता मागच्या सुमारे दहा फुटांच्या खोलीत संसार थाटला. तिथली दाटी आणि मुलांचे हाल यांची दखल घेऊन 1877 मध्ये या वस्तीचे नियमन करणारा कायदा झाला. पुढे 1962-63 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे दीर्घकाळ गोठून राहिले आणि आधीच खंगलेल्या मालवाहतुकीचा कणा मोडला. तरीही सगळेच कालवे बुजले नाहीत, याचे बरेचसे श्रेय एल. टी. सी. रोल्ट यांच्या 1944 मधील ‘नॅरो बोट’ या पुस्तकाला आणि त्यातून स्फूर्ती घेऊन 1946 मध्ये स्थापन झालेल्या इनलँड वॉटरवेज असोसिएशनला द्यावे लागते. आज हौसेने नौकेत राहणाऱ्यांनी या कष्टकरी कुटुंबांची आठवण ठेवणे न्यायाचे आहे, कारण आज ज्या अरुंद जागेत मन रमते, तीच जागा त्यांच्यासाठी परिस्थितीची सक्ती होती.

हिवाळ्यात नौकेवरचा दिवस फार आखूड असतो. डिसेंबरअखेरीस आठनंतर सूर्य उगवतो आणि दुपारी चारच्या सुमारास मावळतो. एवढ्या अवधीत सौरपट्ट्यांतून नाममात्र वीज मिळते, म्हणून इंजिन काही वेळ चालवून बॅटऱ्या भरून घ्याव्या लागतात. शेजारच्या नौकांना त्रास होऊ नये म्हणून रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात बांधलेल्या नौकेचे इंजिन विजेसाठी चालवू नये, असा नियम आहे. पाणी टाकीत असेल तेवढेच, आणि काठावरचा नळ गोठला तर तेच पुरवायचे. ऊब मिळते ती छोट्या लोखंडी शेगडीतून. तिच्यात रात्री धूरविरहित कोळसा भरून हवेची वाट आवळायची आणि सकाळी राख काढून तोच विस्तव पुन्हा फुलवायचा, हे कौशल्य अनुभवानेच येते. बंद जागेतल्या अशा विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायू साचू शकतो, म्हणून थंडी कितीही असली तरी हवा खेळण्याची छिद्रे बुजवायची नसतात, आणि या वायूची सूचना देणारे यंत्र 2019 पासून राहत्या नौकांवर बंधनकारक आहे. अंथरूण पाहून पाय पसरण्याची शिकवण इथे दररोज पाळावी लागते, आणि ती पाळता पाळता मनातल्या अनेक नसत्या काळज्या आपोआप गळून पडतात.

तरीही शेगडीची ऊब माणसाला दिवसभर आत धरून ठेवू शकते, आणि दिवसाचा थोडासा उजेड तसाच वाया जाऊ शकतो. कुत्रा हे होऊ देत नाही. त्याला उजाडताच आणि अंधार पडण्यापूर्वी पुन्हा एकदा काठावर न्यावेच लागते. पूर्वी नौका ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली, पाण्याला लागून जाणारी वाट आता पायी चालणाऱ्यांची आहे, आणि त्या वाटेवर हिवाळ्यात निष्पर्ण झालेल्या कुंपणांमधून स्थलांतरित कस्तुर पक्ष्यांचे थवे आणि काठावर निश्चल उभा असलेला बगळा सहज दिसतो. मात्र कुत्र्याची जबाबदारीही तितकीच असते. अनेक ठिकाणी काठाला उभे लोखंडी पत्रे ठोकलेले असल्याने पाण्यात पडलेल्या कुत्र्याला स्वतः वर येता येत नाही, म्हणून पाठीवर धरायचा पट्टा असलेले तरंगते जाकीट त्याला घालतात. बर्फाचा पातळ थर त्याला जमिनीसारखा वाटू शकतो, तेव्हा कालवा गोठला की त्याला दोरीनेच फिरवावे. इंजिनात घालायचे, गोठण रोखणारे द्रव्य चवीला गोड पण कुत्र्याला प्राणघातक असते. ते सांडल्यास तत्काळ पुसावे. परतल्यावर चिखलाचे पाय धुऊन त्याचे अंग कोरडे करावे लागते, कारण ओल्या केसांची वाफ शेवटी पोलादी नौकेच्या खिडक्यांवरच पाणी होऊन ओघळते.

या काळात नौका फारशी हलत नाही. पातळ बर्फ फोडत गेल्यास नौकेच्या बाजूंवर पाण्याच्या पातळीला असलेला डांबरी लेप खरवडला जातो, आणि ढकलल्या गेलेल्या बर्फाच्या कडा शेजारच्या लाकडी किंवा फायबरच्या नौकांना इजा करतात. शिवाय दुरुस्तीची मोठी कामे नोव्हेंबर ते मार्च याच काळात केली जातात. लॉक रिकामे करून भिंती सांधल्या जातात आणि साधारण पंचवीस वर्षे टिकणारी ओक लाकडाची जुनी दारे बदलली जातात. सुमारे 3,200 किलोमीटर जलमार्गांची देखभाल 2012 पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था करते आणि तिला स्वयंसेवकांचे मोठे साहाय्य असते. नौकेत बसून पाणी स्थिर आहे असे वाटते, त्यामागे चिखलात उतरलेल्या माणसांचे श्रम असतात. म्हणून परवान्याचे शुल्क वेळेवर भरणे, बांधलेल्या नौकांजवळून आणखी सावकाश जाणे, पाणी जपून वापरणे आणि कुत्र्याची घाण काठावर न टाकणे हा त्या विश्रांतीचाच भाग मानला पाहिजे. जी विश्रांती दुसऱ्याच्या श्रमाची जाण ठेवते, तीच पुढच्या हिवाळ्यात येणाऱ्यालाही मिळू शकते.