विश्लेषण : स्वस्तातली कॅम्पर व्हॅन महाग का पडू शकते?

करोनाकाळानंतर चाकांवरच्या घराचे आकर्षण वाढले. जुनी व्हॅन घ्यायची, ओळखीच्या सुताराकडून आत पलंग आणि ओटा करून घ्यायचा, छतावर सौर पॅनेल बसवायचे आणि निघायचे, अशा चित्रफितींना समाजमाध्यमांवर मोठा प्रेक्षकवर्ग आहे. तयार कॅरव्हॅनची किंमत परवडत नसल्याने अनेक जण घरगुती रूपांतराकडे वळतात. मात्र भारतात या कामात कुठे बचत करता येते आणि कुठे ती अंगाशी येते, हे आधी समजून घेणे गरजेचे आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील वेगळे ठरतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सीएनजी किट बसवण्यासारख्या काही बदलांना अटींसह मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही भूमिका आणखी स्पष्ट केली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे आसने काढणे, छत कापून उंच करणे, वाहनाची लांबी-रुंदी बदलणे ही कामे गॅरेजवाल्याने ‘करून देतो’ म्हटले म्हणून कायदेशीर ठरत नाहीत.

मग कॅरव्हॅन बनतात कशा?

मोटार कॅरव्हॅनसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानक आहे. पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून नमुना मंजूर करून घेतलेले उत्पादक त्या प्रकारातील वाहन तयार करतात आणि त्याची नोंदणी कॅरव्हॅन म्हणूनच होते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले, केरळनेही त्याच वर्षी ‘केराव्हॅन केरला’ योजना जाहीर केली. त्यामुळे भाड्याच्या कॅरव्हॅनचा पर्याय हळूहळू उपलब्ध होऊ लागला आहे.

खिशाला परवडणारा मार्ग कोणता?

वाहनाला कायमस्वरूपी हात न लावता, काढता-घालता येणारी व्यवस्था करणे. घडीचा पलंग, खोक्यात मावणारे स्वयंपाकघर, पाण्याचे कॅन, सुटे शौचपात्र, उचलून नेता येणारी बॅटरी हे सारे सामान म्हणून व्हॅनमध्ये ठेवता येते आणि सहलीनंतर बाहेर काढता येते. आसनसंख्या बदलत नाही, नोंदणीतील तपशील बदलत नाहीत. गाडी विकली तरी सामान पुढच्या गाडीत वापरता येते. अट एकच : गाडी चालू असताना प्रत्येक वस्तू पट्ट्याने घट्ट बांधलेली हवी. अचानक ब्रेक लागला तर सुटे खोके थेट प्रवाशांवर येते. याहून मोठा बदल करायचा असेल, तर सुताराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी आरटीओकडे लेखी विचारणा करावी.

जुनी गाडी घेतल्यास किती वाचतात?

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क ६०० रुपयांवरून पाच हजारांवर गेले. शिवाय त्या वेळी वाहन तपासणीसाठी न्यावे लागते आणि आतले अनधिकृत बदल तिथे उघडे पडतात. तेरा-चौदा वर्षे जुनी व्हॅन स्वस्तात मिळाली, तिच्यावर काही लाख खर्च केले आणि दोनच वर्षांत पासिंग अडले, तर बचत कसली? खरेदीपूर्वी नोंदणीची मुदत, पिवळी पाटी की पांढरी, पत्र्याला लागलेला गंज आणि विम्याचा इतिहास पाहावा. व्यावसायिक वाहन खासगी करून घेण्याची प्रक्रियाही वेगळी असते.

विजेचा हिशेब कसा मांडावा?

सर्वाधिक पैसे वाया जातात ते अंदाजाने घेतलेल्या बॅटरीवर. समजा ४५ वॉटचा छोटा १२ व्होल्टचा फ्रिज दिवसात १२ तास चालला, तर ५४० वॉट-तास लागतात. २५ वॉटचा पंखा आठ तास म्हणजे २०० आणि दिवे, फोन, लॅपटॉप मिळून सुमारे २०० धरले, तर एकूण गरज ९४० वॉट-तासांची होते. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॉट-तास साठवते, म्हणजे एक दिवस निभावतो. शिसे-आम्ल बॅटरी खरेदीला स्वस्त असते, पण ती टिकवायची तर साधारण निम्मीच वापरावी लागते आणि वजनही खूप अधिक असते. एअर कंडिशनर मात्र या हिशेबात बसत नाही. एक हजार वॉटचे यंत्र सहा तास चालले तर एका रात्रीत सहा युनिट लागतात. त्यासाठी मोठी बॅटरी घेण्यापेक्षा वीजजोडणी असलेल्या मुक्कामाचे भाडे भरणे स्वस्त पडते.

वजनाचा खर्चाशी संबंध काय?

१८ मिलिमीटर जाडीचा आठ बाय चार फुटी प्लायवूड साधारण ३५ किलोचा असतो, १२ मिलिमीटरचा त्याच्या दोन-तृतीयांश. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. घरातल्या कपाटासारखे भक्कम फर्निचर व्हॅनमध्ये केले, तर वाहनाची मंजूर वजनमर्यादा लवकर गाठली जाते. इंधन जास्त जाते, टायर लवकर झिजतात आणि घाटात ब्रेकवर ताण येतो. हलके व मोजके सामान हीच मोठी बचत.

कुठे बचत करू नये?

वायर, फ्यूज, गॅस आणि अग्निशामक यांत. १५०० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. घरातली उरलेली वायर तिथे वापरली, तर ती तापून पेट घेऊ शकते. बंद गाडीत गॅस वा कोळसा पेटवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो, त्यामुळे स्वयंपाक बाहेर उघड्यावरच करावा. विमा कंपनीपासून बदल लपवणेही महागात पडते. अपघातानंतर नेमके त्यावरच बोट ठेवून दावा अडवला जाऊ शकतो.

स्वतःची हवी की भाड्याची?

साधे गणित करून पाहावे. रूपांतरावर सहा लाख रुपये खर्च झाले आणि वर्षात वीस रात्री गाडीत काढल्या, तर पाच वर्षांत शंभर रात्री होतात. प्रत्येक रात्र सहा हजारांना पडते. गाडीची किंमत, इंधन, विमा आणि पार्किंग वेगळेच. महिन्यातले आठ-दहा दिवस रस्त्यावर असणाऱ्यांना स्वतःची व्हॅन परवडू शकते. इतरांनी आधी दोन-तीन सहली भाड्याच्या कॅरव्हॅनने कराव्यात. आपल्याला खरोखर काय लागते, हे त्यातून कळते आणि न लागणाऱ्या गोष्टींवरचा खर्च तिथेच वाचतो.