दाताची कीड : दोष फक्त जिवाणूचा नाही

दातात अळी शिरते, हा समज अजूनही टिकून आहे. प्रत्यक्षात जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ मध्येच किडलेल्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’ हा जिवाणू वेगळा केला. तो साखरेपासून आम्ल तयार करतो. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचे इनॅमल विरघळू लागते. पण हा जिवाणू बहुतेकांच्या तोंडात असतो. त्यामुळे सगळे खापर त्याच्यावर फोडणे सोयीचे असले, तरी अपुरे आहे. दिवसभर थोडे थोडे गोड खात राहिल्यास लाळेला आम्लाचा प्रभाव कमी करायला उसंतच मिळत नाही. ‘दुधाचे दात, पडणारच’ म्हणत केलेले दुर्लक्ष मुलांना वेदना देते. गोड खाण्याच्या वेळा कमी करणे आणि रात्री फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासणे, हाच स्वस्त आणि खात्रीचा मार्ग.