फोरमनची रेकॉर्ड

रॉक ऐकणाऱ्यांना ही गोष्ट पाठ असते. बर्मिंगहॅममधली ॲस्टन ही कामगार वस्ती, साल १९६५. सतरा वर्षांचा टोनी आयोमी दिवसा पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा आणि रात्री गिटार वाजवायचा. बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलं, म्हणून त्याने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी जेवायला घरी आला आणि परत जायला नको म्हणू लागला. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. गेला. आणि प्रेसमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गमावून बसला. पठ्ठ्या डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच! डॉक्टर म्हणाले, गिटार विसर.

त्याने ऐकलं नाही. १९६८ मध्ये ऑझी ऑस्बोर्न, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड यांच्याबरोबर त्याने बँड काढला, तोच पुढे 'ब्लॅक सॅबथ' झाला. त्यांचा पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि १९७० मध्ये बाजारात आला. त्याच वर्षीचा 'पॅरानॉइड' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

यावरून एक तात्पर्य हमखास काढलं जातं: अपघात झाला म्हणून हेवी मेटल जन्मलं, संकट हीच संधी वगैरे वगैरे. मला हे अजिबात पटत नाही.

आता हे खरं, की दुखऱ्या बोटांना झेपाव्यात म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'मध्ये तारा आणखी सैल सोडल्या आणि तो जड, खोल आवाज आला. पण कारखान्यात बोटं काय एकट्या टोनीचीच गेली? बाकीच्यांच्या हाती नुसती थोटी बोटंच उरली.

फरक पडला तो एका फोरमनमुळे. अपघातानंतर तो एक रेकॉर्ड घेऊन टोनीच्या घरी गेला. टोनी वैतागलेला, ऐकायला तयार नाही. तरी त्याने ती लावायला लावली, आणि मग सांगितलं की हा वाजवणारा जँगो राइनहार्ट दोनच बोटांनी वाजवतो. १९२८ मध्ये आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती. त्यानंतर टोनीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि वरून चामडं चिकटवलं.

'जिद्द ठेव' असं सांगणारे आपल्याकडेही पुष्कळ भेटतात. त्यात खर्च काहीच नसतो. या माणसाने उपदेश केला नाही, पुरावा आणून दिला. तोही गिटारवाल्याला समजेल असा.

५ जुलै २०२५ ला ॲस्टनच्याच व्हिला पार्क मैदानावर 'ब्लॅक सॅबथ'चा शेवटचा कार्यक्रम झाला. त्यानंतर पुन्हा सगळीकडे टोनीच्या जिद्दीबद्दल वाचलं. ती होतीच, नाही कोण म्हणतं? पण थोडं श्रेय त्या फोरमनलाही द्या की राव.